दाराशी ठेवलेले जोडे

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मी जहाजावर नोकरी केली असं कळलं की समोरचा प्रत्येक माणूस हीच माहिती मला नव्यानं देतो. महागावच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेले एक गृहस्थ तर हात धरून म्हणाले होते, "भाऊ, पण आपल्याकडं समुद्र कुठं हाय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मंग?" त्या 'मंग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'सागरावरील रोमांचक अनुभव' असा विषय दिला होता. मी त्यांना फोनवर सांगितलं की माझं बहुतेक आयुष्य गंज खरवडण्यात गेलं. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, तेच लिहा. तेव्हा आधी गंजाबद्दल.

मी मालवाहू जहाजावर सारंग होतो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जिनिंगमध्ये मुकादम कापसाच्या गठाणी मोजतो आणि ओरडतो. मी दोर मोजायचो आणि ओरडायचो. जहाज म्हणजे लोखंड, आणि त्याच्याखाली, वर, चहूबाजूंनी खारं पाणी. खलाशी पुढच्या टोकापासून गंज खरवडत, लाल प्रायमर लावत, रंग देत मागच्या टोकाला पोचतात, तोवर पुढच्या टोकाला पुन्हा गंज चढलेला असतो. एका मोठ्या साहेबाला बंदरातल्या तपासणीची इतकी धास्ती की त्यानं भर पावसात माझ्याकडून कठडा रंगवून घेतला. रंग वाहून समुद्रात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवून घेतला, पुन्हा पाऊस आला. तपासणीवाला आला तो जेवला आणि गेला. कठडा त्यानं पाहिलाच नाही.

गावातल्या लोकांना मात्र यातलं काही ऐकायचं नसतं. त्यांचे प्रश्न ठरलेले. प्यायचं पाणी कुठून आणता? संडास कुठं असतो? वादळ आलं तर उतरून जाता येते का? या शेवटच्या प्रश्नाला मी "हो, पुढच्या स्टॉपवर" असं उत्तर देत असे. आता देत नाही. उतरायचं म्हणजे काय ते मी एकदा पाहिलं आहे.

मिलिंद मला पहिल्यांदा आवाजानं भेटला. परदेशातल्या एका बंदरात नवीन मंडळी जहाजावर चढत होती. मी वर दोर आवळत होतो. खालून शिडीवरून आवाज आला, "अबे धर ना नीट! कायले हात सोडून राह्यला बे?" पाहतो तर एक दणकट पोट्टा आपली बॅग एका फिलिपिनो इलेक्ट्रिशियनच्या हातात देऊन त्याला झाडत होता. गंमत म्हणजे त्या फिलिपिनोनं बॅग नीट धरली. मी वरून विचारलं, "कोणत्या गावचा बे तू?" त्यानं मान वर केली आणि जहाजावर पाय ठेवायच्या आधीच हसला. "मुकुटबन," म्हणाला.

मुकुटबन आणि महागाव म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. गावी राहिलो असतो तर आयुष्यात एकमेकांना दिसलो नसतो. इथं आमच्यामध्ये एक जिना होता. तो इंजिनवर ऑइलर होता. ऑइलर म्हणजे इंजिनाला तेल-पाणी करणारा, गरम-थंड पाहणारा, पुसणारा माणूस. चार तास पाळी करायची, मग आठ तास विश्रांती, मग पुन्हा चार. बाप लहानपणीच गेलेला. आई शांताबाई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस, लेकरांची खिचडी करणारी. बहीण वंदना वणीला दिलेली. मला तो काका म्हणायचा, आणि काका म्हणून माझ्याकडून चहा, साबण, मोबाईलचं चार्जर सगळं हक्कानं न्यायचा. मी चिडायचो. त्याला चिडवायला मी लागायचोच.

आता जोड्यांबद्दल सांगावं लागेल. इंजिनात काम करणाऱ्याचे जोडे तेलानं माखलेले असतात. ते घालून खोलीत जायचं नाही, हा जहाजाचा नियम. म्हणून ज्याच्या दाराबाहेर जोडे, तो आत. दाराबाहेर जोडे नाहीत, तो कामावर. कोणाला उठवायचं असलं तर आम्ही आधी जोडे पाहायचो, मग दार वाजवायचो. कप्तानापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे हेच करत.

मिलिंदच्या आईनं त्याला जवसाच्या चटणीचा मोठा डबा दिला होता. तो डबा कोणीतरी खायला लागलं. त्याच्या खोलीचं दार त्या दिवसांत उघडंच असायचं. मिलिंदचा संशय गोव्याच्या कुकवर. कुकचं म्हणणं, "असली काळी माती मी कशाला खाऊ?" यावरून दोघांचं बोलणं बंद. चोर शेवटी तो फिलिपिनो इलेक्ट्रिशियन निघाला. पावाला लावून खायचा. पण ते फार उशिरा कळलं.

एका रविवारी मिलिंद मोबाईलवर आईशी बोलत बसला होता, मी शेजारी. त्यानं चोरीची तक्रार केली. शांताबाई लगेच म्हणाल्या, "कुलूप लाव. अन् दाराशी तुहे जुने जोडे ठेवत जाय. मी अंगणवाडीत जातो तं तुह्या बापाचे ठेवतो. टोकं दाराकडं करजो. टोकं बाहेर असले तं माणूस जायले निंघाला असं दिसते. आत केले म्हंजे आत हाय असं वाटते. चोर फिरकत नाई."

मिलिंद पोट धरून हसला. "माय, हे जहाज होय, मुकुटबन नोहोय व!"

"मंग चटणी कोण खाल्ली, जहाजानं?"

"बरं, ठेवतो फोन," म्हणाला. फोन ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाला, "काका, मायले वाटते इथं रातच्यानं कोणी कोंबड्या चोराले येते." मीही हसलो. तो विषय तिथं संपला असं मी समजलो. शांताबाईही तसंच समजल्या.

त्या सफरीत आमच्या जहाजात मका होता. तांबड्या समुद्रातून जायचं होतं. तिकडं त्या काळात जहाजांवर हल्ले चालले होते. कोणाचं कोणाशी युद्ध आणि त्यात आमचा मका कोणाच्या बाजूनं, हे मला कोणी नीट समजावून सांगू शकलं नाही, आणि आता कोणी सांगितलं तरी ऐकायची माझी इच्छा नाही. आधीच्या बंदरात कप्तानानं सगळ्यांना बोलावून विचारलं, ज्याला उतरायचं त्यानं उतरावं, घरी पाठवू. दोघं उतरले. मी मिलिंदला म्हटलं, "जाय बे तू. तुह्या मायचा एकटा पोरगा आहेस."

"तुमी काहून नाई जात?"

"मी म्हातारा झालो. माझी ही शेवटचीच सफर."

"मंग तुमाले सोडून मी काहून जाऊ? चार्जर कोणाचं नेऊ?" असं म्हणून तो निघून गेला. मी शिवी दिली. मला बरं वाटलं होतं, हे इथं कबूल करतो.

हल्ला झाला तो दुपारी, जेवणानंतर. डेकवर जायची बंदी होती म्हणून आम्ही आत बसून होतो. मी कुकशी भांडत होतो, त्यानं वरणात साखर घातली होती. तेवढ्यात मागच्या बाजूला धडाका झाला आणि ताटं जमिनीवर आली. दिवे गेले. मग इंजिन थांबलं. जहाजावर इंजिनाचा आवाज रात्रंदिवस चालू असतो; इतका की आम्हाला तो ऐकू येत नाही. तो थांबला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

अशा वेळी सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि नावं पुकारायची, असा रिवाज आहे. दर आठवड्याला सराव होतो आणि दर आठवड्याला सगळे जांभया देतात. त्या दिवशी कोणी जांभई दिली नाही. पाळीवर असलेला इंजिनियर आणि त्याच्याबरोबरचा ऑइलर संकटकाळच्या शिडीनं वर आले, दोघंही भिजलेले, काळे. "खाली कोण राहिलं?" कप्तानानं विचारलं. "कोणी नाही, आम्ही दोघंच होतो." मिलिंदची तेव्हा पाळी नव्हती. त्याचं नाव पुकारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पुकारलं.

मी म्हटलं, "खोलीत झोपला असेल." कप्तानानं मला आणि फिटरला पाठवलं, आणि लगेच परत या म्हणाला. खोल्यांच्या बोळात धूर भरला होता. बॅटरीच्या उजेडात फक्त जमीन दिसत होती. मिलिंदच्या दाराशी मी बॅटरी मारली. जोडे होते. एकाला एक लावून, टोकं दाराकडे.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आहे लेकाचा आत. मी दारावर बुक्क्या मारल्या. "मिल्या, ऊठ बे! ऊठ!" दाराला कुलूप; जहाजावर ते दारातच बसवलेलं असतं, आतूनही लावता येतं. धुरानं बेशुद्ध झाला असेल असं वाटलं. फिटर कुऱ्हाड घेऊन आला. जहाजाची दारं मजबूत असतात, आगीसाठी केलेली. आम्ही दोघं त्या दाराशी किती वेळ झगडलो ते मला सांगता येणार नाही. दार तुटलं. आत अंथरूण नीट घातलेलं, टेबलावर माझं चार्जर, खिळ्याला मायनं दिलेला गमछा. माणूस नव्हता.

मग इंजिनाकडे धावलो. लोखंडी दार उघडलं तर खाली काळोख, आणि त्या काळोखात पाणी वर येताना ऐकू येत होतं. तेलाचा धूर डोळ्यात गेला. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. फिटर मला मागं ओढत होता, जहाज एका कुशीवर कलायला लागलं होतं, आणि वॉकीटॉकीवर कप्तान मला इंग्रजीत शिव्या घालत होता. मी पुन्हा एकदा ओरडलो. मग आलो.

होडीत बसल्यावर कुक रडायला लागला. तो म्हणाला, जेवण झाल्यावर मिलिंदला त्यानं बादलीत ओला बॉयलर सूट घेऊन इंजिनाकडे जाताना पाहिलं होतं. आम्ही सगळेच इंजिनाच्या वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालत असू. तिथं उष्णतेनं तासाभरात वाळतात. खाली पाळीवर असलेल्या दोघांना तो वरच्या मजल्यावर आल्याचं दिसलं नसणार. मी कुकची गचांडी धरली. म्हटलं, "मग जोडे? जोडे दाराशी होते ना!" कुक म्हणाला, "ते जुने. मुद्दाम ठेवायचा तो. मी चटणी खाऊ नये म्हणून. मला दाखवून दाखवून ठेवायचा." नवे जोडे मिलिंदच्या पायात होते.

दुसऱ्या जहाजानं आम्हाला उचललं. आमचं जहाज मक्यासकट बुडालं. त्या इंजिनियरनं मला नंतर शंभरदा सांगितलं, कपड्यांची दोरी जिथं होती त्याच्याच बाजूला धडाका झाला, तो जागीच गेला असणार, तुम्ही सरळ इंजिनाकडे गेला असता तरी काही उपयोग नव्हता. मला ते पटतं. कधीकधी सकाळी उठल्यावर पटत नाही.

मी गावी परतलो आणि मुकुटबनला गेलो. त्या आधी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. मिलिंद बेपत्ता आहे, असं तो सांगून गेला. देह सापडला नाही की त्यांना तसंच सांगावं लागतं. घराशी पोचलो तर दाराबाहेर मिलिंदच्या चपला. गावी आला की घालायचा त्या, निळ्या पट्ट्यांच्या. धूळ पुसलेली. टोकं बाहेरच्या बाजूला, पाय सरकवून निघायला तयार. शेजारीण हळूच म्हणाली, "रोज पुसते म्हातारी."

"जयभीम, ताई," मी म्हटलं.

"जयभीम, भाऊ. बसा." त्यांनी पाणी दिलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कंपनीवाला म्हणे बेपत्ता. म्हंजे हाय का नाई?"

"नाही, ताई. तो गेला."

"तुमी पाह्यलं?"

"पाहिलं नाही."

"मंग कायचं सांगता?" असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

मी त्यांना हल्ल्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. जोड्यांचं सांगितलं नाही. कसं सांगणार? ताई, तुम्ही सांगितलेली युक्ती त्यानं केली आणि म्हणून आम्ही भलत्याच दाराशी झगडत राहिलो, हे तोंडातून काढायचं? ही बाई एकटी राहते, रोज सकाळी चपला पुसते. हे ऐकलं तर उरलेलं आयुष्य ती तेच घोकत बसेल. मी निघालो. पुन्हा गेलो तेव्हाही तेच झालं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, परत आलो. लोखंडाशी बोलायची सवय असलेल्या माणसानं अशा घरात जाऊ नये असं मला वाटायला लागलं.

मग मिलिंदच्या बहिणीचा, वंदनाचा फोन आला. "काका, माय जलदान करू देत नाई. सोयरे विचारून राह्यले. दादाचा फोटो भितीले लावू देत नाई. तुमी या. तुमचं ऐकन तं ऐकन."

जलदान म्हणजे बौद्ध घरांत माणूस गेल्यावर करतात तो विधी. त्रिशरण-पंचशील म्हणतात, घरचे लोक तांब्यातून भांड्यात पाणी सोडतात आणि आपलं पुण्य गेलेल्याला देतात. मी मुकुटबनला गेलो. वंदनानं माझ्यासमोर विषय काढला तेव्हा शांताबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "सारा समुद्र घेऊन बसला तो. त्याले आनखी पाणी कायले द्यायचं?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, एक सांगा. खरं सांगा. तुमी सारे होडीत बसले. माह्या पोराले पाहाले कोणी गेलतं का? का तसंच सोडून देल्लं?"

म्हणजे त्यांना हे खात होतं. मी इतके दिवस दुसरीच काळजी करत बसलो होतो. पण या प्रश्नाचं खरं उत्तर जोड्यांशिवाय देता येत नव्हतं. मी गेलो होतो म्हणावं, तर कुठं गेलो होतो?

"मी गेलतो, ताई. त्याच्या खोलीत गेलतो. धुरात काही दिसत नव्हतं. दाराशी त्याचे जोडे होते. म्हणून मला वाटलं, आत आहे. दार तोडलं. आत नव्हता." मग सगळं सांगितलं. कुक, चटणी, नवे जोडे, जुने जोडे. "तुम्ही सांगितलं होतं ना फोनवर, तसे ठेवले होते त्यानं. माझ्यासमोर हसला आणि मग मला न सांगता तसंच करत राहिला. मी फसलो, ताई. मग इंजिनाच्या दाराशी जाऊन ओरडलो. खाली पाणी होतं."

वंदनानं पदर तोंडाशी धरला. शांताबाई पुढं सरकल्या. मला वाटलं, संपलं. आता ही बाई मला बाहेर काढेल, किंवा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटेल.

"टोकं कोणीकडं होते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जोड्याचे टोकं. दाराकडं का बाहेर?"

"दाराकडं."

"बराबर ठेवले मंग," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा हलला. मी या घरात त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी सुरू झालं. "मेल्यानं कधी माहं ऐकलं नाई. शाळेत जाय म्हटलं तं नदीवर जाये. समुद्रावर जाऊ नको म्हटलं तं गेला. अन् हे ऐकलं. वंदे, ऐकलं व तुह्या भावानं!" त्या रडत होत्या आणि वंदनाच्या पाठीवर थापा मारत होत्या. मीही रडलो. सारंगानं रडू नये असा काही नियम नाही, मी चौकशी केली आहे.

जरा वेळानं पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "अन् तुमी दार फोडलं."

"हो."

"त्याच्यासाठी फोडलं."

"हो, ताई."

"पुरे झालं," असं म्हणून त्यांनी वंदनाला सांगितलं, "भंतेजीले निरोप दे."

पुढच्या रविवारी जलदान झालं. पांढऱ्या साडीत शांताबाई ताठ बसल्या होत्या. मिलिंदच्या फोटोला हार, समोर मेणबत्त्या. अंगणवाडीची लेकरंही आली होती, त्यांना खिचडी मिळेल असं वाटत होतं आणि मिळालीही. शांताबाईंनी तांब्या हातात घेतला. मला म्हणाल्या, "भाऊ, हात लावा." मी खाली मान घालून त्यांच्या हाताला हात लावला. धार भांड्यात पडत राहिली, भांडं भरून वाहिलं. आयुष्यभर पाण्यात राहून मला पाण्याची कधी भीती वाटली नव्हती, पण तेवढी ती धार मला पाहवली नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मी माझे जोडे घालायला दाराशी आलो. दाराशी आता दोनच जोड उरले होते, माझा आणि त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला. वंदना मागून आली. आईला आता बरं वाटतंय असं समजून तिनं वाकून चपला उचलल्या, आत नेऊन ठेवाव्या म्हणून.

"ठेव तिथंच," शांताबाई म्हणाल्या.

"माय, आता कायले व?"

"उद्या मले अंगणवाडीत जायचं हाय. घराले कुलूप राह्यते."

त्यांनी चपला वंदनाच्या हातातून घेतल्या, उंबऱ्याशी एकाला एक लावून ठेवल्या आणि टोकं दाराकडे वळवली.